एवढ्यानं काय होतं

पुणे रस्त्यावर जेवणासाठी एसटी थांबली की ड्रायव्हर-कंडक्टरला हॉटेलात वेगळं टेबल असतं. त्या टेबलावर बिल येत नाही. गाडीभर गिऱ्हाईक आणलं म्हणून मालक आपल्याला जेवू घालतो, असा हा न लिहिलेला करार. शोभाताई साळवे कंडक्टर म्हणून माझ्या गाडीवर पहिल्यांदा आल्या, त्या दिवशी वेटरनं आमच्यापुढं दोन ताटं ठेवली. तर्रीवाली शेवभाजी, चपात्या, भात, वर पापड. ताईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि ते समोरच्या भरल्या ताटावर पालथं घातलं. मग डब्यातली भाकरी मोडून शांतपणे जेवायला लागल्या. मालक गल्ल्यावरून बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, अहो फुकट आहे," मी हळूच म्हणालो.

"म्हनूनच महाग पडतं," त्या म्हणाल्या आणि मुळ्याचा तुकडा कचकन चावला.

शोभाताई बेलापूरच्या. आमच्या श्रीरामपूर डेपोत आल्या तेव्हा चाळिशी उलटलेली, उंची बेताची आणि वजन नव्वदीच्या घरात. शेंगदाणा त्यांना चालत नसे. चालत नसे म्हणजे आवडत नसे असं नव्हे. नखाएवढा पोटात गेला तरी ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, श्वास कोंडायचा. दुधानंही पोट फुगायचं, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. दुधानं माणूस नुसता गुरगुरतो, दाण्यानं जातो, असं त्या सांगायच्या. आता तुम्हीच बोला, नगर जिल्ह्यात दाण्याशिवाय काय शिजतं? भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, ठेच्यात दाणे, खिचडीत दाणे. चिवड्यात तर लोक दाणेच आधी वेचून खातात. अशा मुलखात ही बाई भरल्या संसारात उपाशी राहिल्यासारखी वाढली होती, आणि उपाशी राहूनही जाड झाली होती, कारण बाहेर बिनधोक मिळायचं ते फक्त बिस्किट, ब्रेड आणि साखरेचा काळा चहा.

गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा. कुणीतरी मोबाईलवर आहाराचा तक्ता पाठवला. सकाळी मूठभर भिजवलेले दाणे, मग ग्लासभर दूध, दुपारी पनीर. त्यांनी तो मला स्टँडवर मोठ्यानं वाचून दाखवला.

"ह्या तक्त्यानं गुन येनार आण्णा," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी चौघं उचलून नेत्याल, इतकी हलकी हुईन."

मग त्यांनी आपलाच तक्ता बांधला. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी. मटकीची नाहीतर मुगाची उसळ, शेपू, मेथी, दोन उकडलेली अंडी, काकडी. कुटाच्या जागी कारळाची चटणी. भाकरी दोन, तिसरी नाही. गाडी फलाटाला लागली की आम्ही सगळे टपरीकडं पळायचो, त्या फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायच्या. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पार्सलच्या काट्यावर उभ्या राहायच्या, सगळ्यांच्या देखत. पहिल्या खेपेला डेपो फिदीफिदी हसला. एकानं विचारलं, पार्सलची पावती फाडू का? "फाड की," ताई म्हणाल्या, "पन दर म्हैन्याला कमी पैशाची फाडावी लागंल, ते ध्यानात ठेव."

वर्षभरात पावती खरंच कमी पैशाची झाली. तेव्हा हसणारेच तोंड बारीक करून विचारायला लागले, ताई, आजारी आहात का, चेहरा उतरला. ताईंचं डोकं सटकायचं. मी नव्वदीत होते तेव्हा लोक कमी खा म्हणत होते, आता खा म्हणतात, यांचं मन भरेल असं वजन कोणतं ते एकदा कागदावर लिहून द्या म्हणावं, असं त्या मला सुनवायच्या. जणू मीच गावाचा वकील. त्यांची एक म्हण होती, स्वतःच घडवलेली: "भाकरी मोजून खावी, नकार न मोजता द्यावा."

त्यांचा खरा वैरी दाणा नव्हताच. त्यांचा वैरी होता तो एक प्रश्न, जो आपण सगळे प्रेमानं विचारतो: एवढ्यानं काय होतं? घासभर घ्या, एवढ्यानं काय होतं. चिमूटभर कूट आहे, एवढ्यानं काय होतं. मीही तो शंभरदा विचारला असेल. खरं सांगायचं तर मला ते सगळे नखरेच वाटायचे.

आमच्या एका मेकॅनिकच्या मुलीचं लग्न राहुरीजवळच्या खेड्यात होतं. पंगतीत बसल्यावर ताईंनी डबा काढला आणि झाकण पत्रावळीवर पालथं घातलं. मुलीचे चुलते वाढत होते. ते थबकले. आमच्या हातचं चालत नाही का, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. मी मध्ये पडून म्हणालो, जाऊ द्या हो, त्यांचे जरा नखरे असतात. ताईंनी चुलत्यांकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"माझ्या आज्ज्याच्या हातचं पानी गावात कुनाला चालत नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्येला कुनी नखरे म्हनलं न्हाई आण्णा, रीत म्हनलं. मी जीव वाचवाया दाना नको म्हनते, तर नखरे?"

मग चुलत्यांकडं वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या की राग नाही, बुंदी माझ्या घरच्या नातवासाठी बांधून द्या. चुलत्यांनी मान खाली घातली. मीही घातली. आमच्या घरातही ओट्याच्या कोपऱ्यात एक वेगळा पेला असायचा, हे मला त्या पंगतीत बसून आठवलं.

एवढं होऊनही माणूस शहाणा होतो का? नाही होत. त्या हॉटेलच्या मालकानं एकदा मला बाजूला घेऊन ऐकवलं, तुमच्या बाईंना सांगा, आम्ही अन्नात विष कालवत नाही. मला लाज वाटली, आणि लाजेचा राग निघाला ताईंवर. पुढच्या फेरीला ताटात पिठलं, भाकरी आणि हिरवा ठेचा होता. मी म्हणालो, ताई, आज बिनधास्त जेवा, मी आत जाऊन विचारून आलोय, दाण्याचा कण नाही. मी आत गेलोच नव्हतो. मी हात धुवायला गेलो होतो.

त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग डब्याचं झाकण तसंच लावून ठेवलं आणि ताट पुढं ओढलं. माझ्या शब्दावर.

जेवणं झाली, उतारू बसले, ताईंनी डबल बेल दिली. गाडी जेमतेम रस्त्याला लागली असेल, तोच त्या माझ्या केबिनपाशी आल्या. दांडा धरला होता. ओठ सुजून बाहेर आले होते. "आण्णा, ठेचा," एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या.

मी गाडी वळवली. भरल्या गाडीसह सरळ मागं, नगरजवळच्या केडगावच्या दिशेनं. हॉर्नवरचा हात काढला नाही. मागं कुणीतरी म्हणालं, माझी पुण्याहून पुढची गाडी चुकेल. एका म्हातारीनं त्याला अशी काही शिवी हासडली की नंतर चाकांशिवाय कशाचा आवाज आला नाही. त्याच म्हातारीनं ताईंचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ताईंच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि मला आरशातून तो दिसतोय असं वाटत होतं. केडगावात दिसला तो पहिला दवाखाना मी गाठला. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. नंतर बाहेर येऊन म्हणाले, तसेच पुढं गेला असता तर या सुप्यापर्यंत पोचल्या नसत्या.

ठेच्यात दाणा नव्हताच. ज्या खलात ठेचा कुटला, त्यात आधी दाण्याचं कूट केलं होतं आणि खल नुसता फडक्यानं पुसला होता. एवढंच. एवढ्यानं झालं.

संध्याकाळी त्या बोलत्या झाल्या तेव्हा मी खाटेशी उभा राहून सांगून टाकलं. मी विचारलं नव्हतं ताई. खोटं बोललो.

"मी मेले असते तर लोक काय म्हनले असते, म्हाईत हाय?" त्या म्हणाल्या. "खाता खाता गेली, चांगलं मरान आलं. आन् माझ्या मागं तुमी जे जेवान घातलं असतं, त्या भाजीतबी कूटच असतं."

मी रडलो. पन्नाशी पार केलेला ड्रायव्हर, खाकी कपड्यांत, लोकांसमोर रडलो. त्यांनी मला गप्प केलं नाही.

कामावर आल्या आल्या त्यांनी कंट्रोलरकडं अर्ज दिला, या ड्रायव्हरबरोबर ड्यूटी नको. कारण लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी पिशवी खांद्याला लावून माझ्याच गाडीत चढल्या आणि अट घातली: इथून पुढं विचारायचं मी. मोठ्यानं, त्यांच्यासमोर. आणि खल डोळ्यांनी बघायचा.

मी विचारायला लागलो. हॉटेलात, लग्नात, डेपोच्या सत्यनारायणाला. खल दाखवा, तेल कोणतं, चमचा कशाचा. लोक मला हसायचे ते सोडा. विचारता विचारता माझ्याच ताटात काय पडतं ते मला पहिल्यांदा दिसलं. वरची तर्री दिसली, फुकटची तिसरी चपाती दिसली. माझी शुगर वाढलेली होती आणि शर्टाची बटणं ताणलेली होती. घरी सांगून मीही डबा सुरू केला. एका टेबलावर दोन डबे बघून मालकानं आमचं फुकटचं टेबल बंद केलं. बरंच झालं. आम्ही लिंबाखाली बसायला लागलो. पहिल्या तारखेला पार्सलच्या काट्यावर ताईंच्या मागं माझा नंबर लागायचा.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. डेपोत जेवण मीच दिलं. आचाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, दाणा आवारात येता कामा नये. खल नवा आणला, कढई माझ्या हातानं घासली, तेल सूर्यफुलाचं. ताई आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास हाय आण्णा. भांड्यावर न्हाई."

आणि सरळ आत गेल्या. आचाऱ्याला प्रश्न विचारले, तेलाचा डबा हुंगला, खलात बोट फिरवलं. पंगत खोळंबली. माझ्या शेजारचा कंट्रोलर कुरकुरला, अहो तुम्ही सांगितलंय ना, मग इतकं कशाला बघायचं, एवढ्यानं काय होतं?

"एवढ्यानंच होतं," मी म्हणालो. "बघू द्या त्यांना."

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. डबा पिशवीतच राहिला. वाढप्याला म्हणाल्या, "वाढा." वाढप्यानं वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, भाजीला लावली, घास तोंडात घातला. मी त्यांच्या ओठांकडं बघत राहिलो. दुसरा घास गेला. तिसरा गेला. माझं ताट तसंच होतं.

"काय बघताय?" शोभाताई म्हणाल्या. "जेवा की."