बाटलीवरचं नाव

वामनराव पाण्याच्या बाटलीवर विहिरीच्या नावाच्या खाली एका बाईचं नाव लिहायचे. पाणी शेंदून देणारीचं. परभणीच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायला मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो, तेव्हा मला ते खटकलं. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी, नियम तोंडपाठ होते. फॉर्मात असा रकानाच नाही, म्हणालो. बाटलीला सुतळी बांधता बांधता ते म्हणाले, "विहीर पाणी पीत न्हाई, पदवीधर. माणूस पितंय."

मला ते कायम पदवीधरच म्हणायचे. निम्मं कौतुक, निम्मी चेष्टा.

बाटलीवर नाव लिहिण्याचं कारण पुढे एकदा जीपमध्ये कळलं. पूर्वी बोरीच्या पलीकडच्या एका गावात जुलाब-उलट्यांची साथ होती. गयाबाई नावाच्या बाईनं नमुन्याचं पाणी शेंदून दिलं आणि विचारलं, "सायेब, हे पिऊ का?" रिपोर्ट आल्याशिवाय सांगता येत नाही, असं वामनरावांनी उत्तर दिलं. नियम तोच होता. जंतू उबेत वाढवायचे, ते वाढल्याचा बुडबुडा नळीत दिसायची वाट बघायची. दोन दिवस जायचे. तिसऱ्या दिवशी ते ब्लीचिंग पावडर घेऊन पोचले, तर गयाबाईच्या दारात तिचीच तिरडी बांधत होते.

तेव्हापासून रिपोर्टची वाट न बघता ते गावोगाव पाणी उकळून प्यायला सांगत. लोकांना घाबरवता म्हणून मेमो मिळाला. तरी सांगत राहिले.

ते निवृत्त झाल्यावर मी एका मासिकात नवा शोध वाचला. डीएनएचा चमकणारा तुकडा नेमक्या त्या जंतूच्या डीएनएला जाऊन चिकटतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू उजळतो. वाढवायची गरज नाही. मी मोठ्या उत्साहानं पिंगळीला त्यांच्या घरी सांगायला गेलो.

"किती वेळ लागतो?"

"सहा-सात तास."

त्यांनी बोटांवर मोजलं. "नमुना सकाळी दहाला काढला व्हता. गयाबाई पाणी भरायची दिवेलागणीला." मग उठून त्यांनी अंगणातल्या रांजणावर झाकण ठेवलं. "हे मला सांगायला नको व्हतं, पदवीधर."

त्याच हिवाळ्यात ते गेले. घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा सून सांगत होती, शेवटी शेवटी मामाजींना भ्रम झाला होता. तांब्या पुढे केला की आधी विचारायचे, "पिऊ का?" ती "प्या" म्हणेपर्यंत ओठाला लावायचे नाहीत.