उजेड आला तरी

आमचा दादा आयुष्यभर लिफ्टचा मेकॅनिक होता. मशीनरूमच्या घरघरीने त्याचे कान गेले, आणि निवृत्त झाला तेव्हा उजव्या कानाने त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तसा माणूस मुळातच अबोल. घरी पाहुणे आले की हा पान्हा घेऊन मोरीतला नळ उघडून बसायचा, नळ धड असला तरी. वहिनी लवकर गेली. पोराला त्याने एकट्याने वाढवलं, म्हणजे वेळेवर जेवू घातलं, शाळेत पोचवलं, तापात उशाशी बसला. बोलला मात्र नाही. पोराच्या आईबद्दल तर चकार शब्द नाही.

त्या पोराला आम्ही घरात बारक्या म्हणतो. आता सहा फूट उंच झालाय, दाढी ठेवलीय, तरी बारक्याच. तो चार मित्रांबरोबर गाणी करतो. ज्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात ते. म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आत्या, जे लग्नात वाजवत नाहीत ते." मी खालच्या मजल्यावर राहते, कपडे अल्टर करून देते, तेव्हा निदान एक शब्द तरी माझ्या धंद्यातला निघाला.

त्याची गाणी मला कळत नसत. ओळी मराठीच, शब्दही साधे, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ लागायचा नाही. तरुण मुलांना मात्र त्यातच गोडी. तासन्‌तास अर्थ काढत बसायची. त्यांतलं एक गाणं खूप चाललं. गिऱ्हाइकांची पोरं पँट आखूड करायला घेऊन यायची तीही ते गुणगुणायची.

डब्यात ठेव, झाकण लाव,
वरून मोजत राहा.
फटीमध्ये पांढरे पाय,
तुझे हात काळे.
हलू नकोस, हलू नकोस.
उजेड आला तरी
आपण वर का जात नाही?

कुणी म्हणे, हे सरकारबद्दल आहे. कुणी म्हणे, डबा म्हणजे आईचं पोट. एका मुलीने मला समजावून सांगितलं की पांढरे पाय म्हणजे गोळ्या, नशेच्या. मी म्हटलं असेल बाई, आणि टाचण्या लावत राहिले. बारक्याला कुणी विचारलं की तो ठरलेलं उत्तर द्यायचा, "गाणं समजावून सांगायचं असतं तर लिहिलं कशाला असतं?"

मग त्या चष्मेवाल्याचा व्हिडिओ आला. हा मनुष्य गाण्यांचे छुपे अर्थ उलगडून सांगतो आणि लाखो लोक त्याला बघतात. त्याने बारक्याची तीन गाणी शेजारी शेजारी मांडली. कुठल्याशा मुलाखतीत बारक्या म्हणाला होता, "गप्प बसायला मी वडिलांकडून शिकलो." ते वाक्य त्याने उचललं. आणि शांत आवाजात, अगदी कळवळून, त्याने सांगितलं की हा मुलगा लहानपणी कपाटात कोंडला जायचा. कोंडणारा बाहेर आकडे मोजत उभा राहायचा. काळे हात म्हणजे पापाचे हात. नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

आठवड्याभरात आमच्या इमारतीत सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला, एक दादा सोडून. त्याला एवढंच कळलं की लोक जिन्यात बोलता बोलता थांबतात. समोरच्या काकू नातीचा हात धरून भिंतीकडे सरकतात. निवृत्त झाल्यावरही इमारतीच्या लिफ्टची देखभाल तोच करत असे. एक दिवस सेक्रेटरी आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "काका, तुमचं वय झालं. आम्ही कंपनीचा माणूस लावतोय."

"माझं काम चुकलं का काही?"

"काम नाही हो. इमारतीत लहान मुलं आहेत, त्यांचे आईबाप ऐकत नाहीत."

दादाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याने डावा कान पुढे करून पुन्हा विचारलं. सेक्रेटरीने पुन्हा सांगितलं नाही, चहा अर्धा टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी दादाच्या दारावर कुणीतरी मार्करने लिहून ठेवलं होतं, झाकण लाव. मी थिनर घेऊन वर गेले तर तो आधीच चिंधीने दार घासत होता. "हे काय आहे?" त्याने विचारलं. आता लपवून चालणार नव्हतं. मी सगळं सांगितलं, जितक्या जोरात सांगता येईल तितक्या जोरात, आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जातंय हे कळत असताना. व्हिडिओ मोबाइलवर लावून दाखवला. त्याला शब्द ऐकू येईनात, नुसता चष्मेवाल्याच्या ओठांकडे बघत राहिला.

"ते गाणं मला वाचून दाखव," तो म्हणाला. पोराचं गाणं त्याने आजवर ऐकलंच नव्हतं, ऐकू येण्यासारखं त्यात काही नाही म्हणायचा.

आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. मी एकेक ओळ त्याच्या डाव्या कानापाशी वाचली. डबा, झाकण, मोजणं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "अगं, हा लिफ्टचा डबा. हॉस्पिटलच्या लिफ्टचा. आम्ही केबिनला डबाच म्हणतो. आणि माझे हात काळे नसतील तर काय गोरे असतील? ग्रीस असायचं." त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने टेबलावर थाप मारली. "सांग त्या सेक्रेटरीला."

मग मी शेवटच्या ओळी वाचल्या. उजेड आला तरी आपण वर का जात नाही?

त्याने हात वर केला. "परत वाच."

मी परत वाचली. त्याने थिनरच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं, सैल केलं, घट्ट केलं. मग जे सांगितलं ते त्याने इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होते. वहिनी गेल्याची तार मिळाली होती, त्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

वहिनी त्या हॉस्पिटलात होती आणि तिथल्या लिफ्टचं कामही दादाकडेच. वॉर्डात लहान मुलांना सोडत नसत, म्हणून तो बारक्याला बरोबर घेऊन हिंडायचा. त्या दिवशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. पोर इकडेतिकडे गेलं आणि शाफ्टमध्ये पडलं तर, म्हणून त्याने त्याला डब्यात बसवलं, हलू नकोस म्हणून बजावलं, आणि स्वतः डब्याच्या छतावर चढून कामाला लागला. पोराला अंधारात भीती वाटू नये म्हणून एकेक बोल्ट मोठ्याने मोजत होता. जाळीच्या दरवाजाच्या वरच्या फटीतून पोराला वरच्या मजल्यावरून जाणाऱ्या नर्सेसचे पांढरे बूट तेवढे दिसत.

"दुरुस्ती झाली," दादा म्हणाला. "दिवा लागला. तेवढ्यात वॉर्डातली नर्स आली आणि तिने सांगितलं."

"वहिनी गेली म्हणून?"

त्याने होकारार्थी मान हलवली. "छतावर एक स्विच असतो. तो टाकला की आतली बटणं चालत नाहीत. तो मी टाकूनच ठेवला. आणि घट्ट असलेलेच बोल्ट परत मोजायला लागलो. खाली उतरलो तर त्याला सांगावं लागणार होतं. मला शब्द सुचेनात गं. अर्धा तास असेल, पाऊण असेल. हॉस्पिटलचे लोक तिला खाली शवागारात न्यायची घाई करत होते, तरी मी तिथेच." त्याने बाटली बाजूला सरकवली. "पोराला वर नेलं तेव्हा बेड रिकामा होता. त्याला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. मला वाटलं, लहान आहे, त्याला काय कळतंय."

रविवारी आम्ही दोघं बारक्याकडे गेलो. त्याची खोली म्हणजे वायरींचं जाळं, बसायला एक पलंग. व्हिडिओमुळे तो आधीच ओशाळला होता. "बाबा, मी तसं काही बोललेलो नाही. लोक काहीही अर्थ काढतात."

"त्यांचं सोड. तुला माहीत होतं?" दादाने विचारलं. "लिफ्ट सुरू झाली होती ते?"

बारक्याने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. "दिवा लागला, पंखा फिरायला लागला. मी बटणं दाबून पाहिली. तुम्ही पुन्हा एकपासून मोजायला लागलात."

"आणि आईचं?"

"ती नर्स तुम्हाला रोज मेकॅनिक म्हणायची, बाबा. त्या दिवशी दादा म्हणाली. तेव्हाच कळलं मला."

दादाने पायाशी आलेली एक वायर गुंडाळून ठेवली. मग बारक्याच म्हणाला, "मला वाटत होतं, मी हललो नाही तर ते खरं होणार नाही. म्हणून मीही तुम्हाला हाक मारली नाही." आणि थोड्या वेळाने, "गाणं तुमच्यावर रागाने नाही लिहिलं. कशाने लिहिलं, मला खरंच सांगता येणार नाही."

दादा नुसता मान डोलावत होता. किती ऐकू आलं देव जाणे. उठताना त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायचाच विसरला. दारापर्यंत दोघं तसेच चालत आले.

गाण्याचा अर्थ न सांगण्याचा बारक्याचा नेम होता. तो त्याने मोडला. दादा नको म्हणत असताना, त्याने सगळी हकिगत जशीच्या तशी लिहून लोकांसमोर ठेवली. कपाट नव्हतं, लिफ्ट होती. वडिलांनी कधी बोटही लावलं नाही. त्याला वाटलं, झालं, मिटलं. मलाही वाटलं.

मिटलं नाही. काहींनी म्हटलं, बापाला वाचवतोय. पण बाकीच्यांनी विश्वास ठेवला, आणि ते जास्त लागलं. आई वर मेलेली आणि हा मुलाला डब्यात अडकवून बोल्ट मोजत बसला, हा कसला बाप, असं शेकडो अनोळखी माणसांनी लिहिलं. चष्मेवाल्याने नवा व्हिडिओ केला. चुकलो असं म्हणाला नाही. म्हणाला, आता गाण्याचा खरा अर्थ कळला आणि तो आधीपेक्षा भयंकर आहे.

मी दादाला हे वाचून दाखवणार नव्हते. त्यानेच हट्ट धरला. चष्मा लावून, डावा कान माझ्याकडे करून त्याने सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "मूर्ख आहेत सगळे."

"नाही गं," तो म्हणाला. "पहिलं खोटं होतं, म्हणून राग आला. हे खरं आहे."

त्यानंतर तो घराबाहेर फारसा पडला नाही. लोक हळूहळू विसरले. दुसरं गाणं आलं, दुसरा कुणी माणूस सापडला. समोरच्या काकू पुन्हा नमस्कार करू लागल्या. सेक्रेटरीने कंपनीच्या माणसाला काढून पुन्हा दादालाच काम देऊ केलं, तेव्हा दादाने हात थरथरतात म्हणून नकार दिला. खरं तर थरथरत नव्हते. बारक्या दर गुरुवारी यायचा. दोघं समोरासमोर बसून शेंगा सोलायचे आणि टीव्ही आवाज बंद करून बघायचे. बोलणं वाढलं म्हणावं तर तसंही नाही. पण दादा त्याला निरोप द्यायला खाली रस्त्यापर्यंत येऊ लागला.

गेल्या हिवाळ्यात दादा झोपेतच गेला. बारक्या आता ते गाणं गात नाही. त्याचाही लोक अर्थ लावतात, मला कुणीकुणी येऊन सांगतात. मी कात्री खाली ठेवत नाही.

दादाचं दिवसकार्य झाल्यानंतर बारक्या काही दिवस वरच राहिला, घर आवरायला. एका दुपारी माझ्याकडे खाली आला, शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आत्या, आई बोलायची कशी?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं की त्याला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी आठवून आठवून सांगितलं. भरभर बोलायची, अर्धे शब्द खायची. 'थांब' म्हणायच्या ऐवजी 'थां' म्हणायची, आणि थांबायची नाही. हसताना तोंडावर पदर नाही, हात धरायची. भांडली की आवाज चढायचा नाही, उलट बारीक व्हायचा. तो ऐकत बसला, काही लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि तेच विचारलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.