मामांची सरळ पट्टी

बर्फाच्या रिंकवरची सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची. त्यांत सख्खी भाची एकच, आणि घोडं अडलं होतं तेही तिचंच.

मामांची खोली जिन्याखाली. उभं राहिलं तर डोकं आपटावं आणि बसलं तर गुडघे मशीनला लागावेत, इतकी ऐसपैस. आत धार लावायचं चाक, तेलकट फडकी आणि खिळ्याला टांगलेली एक पोलादी पट्टी. वीतभर लांब, एका टोकाला लाल ठिपका. मामांचा बायकोवर नव्हता एवढा विश्वास त्या पट्टीवर होता. बायकोचंही काही वेगळं म्हणणं नव्हतं. "निदान ती पट्टी तरी तुमचं ऐकते," असं ती म्हणायची.

स्केटिंगच्या बुटाखालचं पातं लांबून सुरीसारखं दिसतं, पण त्याला धारा दोन असतात. एक पायाच्या आतल्या बाजूची, एक बाहेरची, आणि मधे बारीक पन्हळ. दोन्हींची उंची सारखी पाहिजे. एक धार जरा चढली की माणूस जायला निघतो एकीकडे आणि पातं त्याला नेतं भलतीकडेच. म्हणून धार लावून झाली की मामा बूट उलटा धरत, दोन्ही धारांवर पट्टी आडवी ठेवत, लाल ठिपका कायम डाव्या हाताला, आणि एक डोळा मिटून बघत. पट्टी सरळ दिसली की बूट पोराच्या हातात.

"जा. लोणी झालंय नुसतं."

लोण्यावरून पोरगं घसरून पडलं आणि परत आलं, तर निदान तयारच असायचं.

"पात्यात दोष नाही, पायात आहे. गुडघा कोण वाकवणार, मी? दप्तर एकाच खांद्यावर टाकतोस का? टाकतोसच. नाचता येईना अंगण वाकडं!"

पोरगं मग शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं. बाई म्हणायच्या, "पायात काही दोष नाही, पात्यात आहे. मामांना दाखव." अशी ती पोरं जिन्याखालून बर्फावर आणि बर्फावरून जिन्याखाली, दोन कचेऱ्यांमधल्या अर्जासारखी फिरत राहायची. अलीकडे तर बाईंचा अख्खा वर्ग डावीकडे कलून चालला होता. बाईंनी त्यावर घोट्यांचे व्यायाम सुरू केले. घोटे मजबूत झाले. पोरं आता मजबूतपणे डावीकडे कलू लागली.

भाचीचं दुखणं उजव्या पायाचं. स्केटिंगच्या परीक्षेत त्या पायाच्या बाहेरच्या धारेवर एक पूर्ण गोल काढायचा होता. अर्ध्यात आली की बूट डावीकडे ओढायचा, दुसरा पाय खाली टेकायचा. मागच्या वेळी ती त्याच्यातच नापास झाली होती. या खेपेला तिच्या आईनं, म्हणजे मामांच्या ताईनं, सरळ सांगून टाकलं होतं, "ह्या वेळी नाही जमलं तर बूट माळ्यावर. मला रोज रडकं तोंड बघवत नाही."

सख्खी भाची म्हटल्यावर मामांनी जीव ओतला. नाडी आवळली. मोजा पातळ केला. बुटात नवा तळ घातला. पात्याचे स्क्रू काढून पातं केसभर बाहेर सरकवलं, मग केसभर आत. हे सगळं एका बैठकीत, त्यामुळे कशानं काय बिघडलं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. बुटाच्या तळाची चाळण झाली. गोल मात्र अर्धाच राहिला.

"पट्टी काय म्हणते?" भाचीनं विचारलं.

"पट्टी म्हणते पातं सरळ आहे. तू काय म्हणतेस?"

"मी पडतेय म्हणते."

"मग पट्टीचं खरं."

परीक्षेच्या आदल्या दुपारी ताई स्वतः जिन्याखाली आली. ताईला राग आला की हाताला चाळा लागतो. तिनं खिळ्यावरची पट्टी काढली, मशीनच्या सपाट पाटावर ठेवली आणि बोलता बोलता तिचं टोक बोटानं दाबत राहिली.

"सगळ्या गावाचा मामा झालास." टक्. "आणि सख्ख्या भाचीच्या बुटाला भोकं पाडून ठेवलीस." टक्. "उद्या ती पडली ना..." टक्.

"थांब," मामा म्हणाले.

"का थांबू? आज मी बोलणारच!"

"बोल गं. पण दाबू नकोस."

सरळ पट्टी सपाट पाटावर टक् वाजत नाही. मामा वाकले. लाल ठिपक्याचं टोक किंचित वर वाकलेलं होतं. आणि एकदम त्यांना तो ग्रीसचा डबा आठवला. झाकण गच्च बसलेलं, हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून ह्याच पट्टीनं उचकटलं होतं. झाकण निघालं होतं झकास. तेव्हापासून रिंकवरचं प्रत्येक पातं त्यांनी वाकलेल्या टोकाशी जुळवून मोठ्या काळजीनं वाकडं घासलं होतं, आणि प्रत्येक पोराला गुडघ्यावरून व्याख्यान दिलं होतं.

तेवढ्यात बाई भाचीला घेऊन दारात. "काय झालं?"

मामांच्या कपाटात कोरी पट्टी होती. गुपचूप काढता आली असती. पण ताई तिथून हलणारी नव्हती.

"अंगण वाकडं होतं," मामा म्हणाले. "माझंच." आणि ग्रीसच्या डब्याची गोष्ट सांगून टाकली.

बाईंनी पट्टी डोळ्यांपुढे धरली. रागवावं की पोरांचे घोटे आठवावेत, हे त्यांना कळेना. "पण आज हात लावू नका. परीक्षेच्या तोंडावर नवी धार म्हणजे परका पाय. वाकड्याची निदान सवय आहे तिला."

जन्मात पहिल्यांदा मामांनी सल्ला न देता बूट भाचीपुढे धरला. सगळे भाचीकडे बघू लागले.

"मामा, आत्ताच कर," ती म्हणाली. "पडायचंच असेल तर माझी मी पडेन. तुझ्या डब्यापायी नको."

मामांनी नव्या पट्टीनं धार सारखी केली, पातं होतं तिथं परत बसवलं, भोकं बुजवली. त्या संध्याकाळी भाची एका पायावर सरळ जायला निघाली आणि उजवीकडच्या कठड्यावर जाऊन आदळली. अंगाला डावीकडची ओढ सावरायची खोड लागलेली, आणि आता ओढच नव्हती. मामा कठड्याशी होते. तोंडाशी आलेला गुडघा त्यांनी गिळला. रिंक बंद होईपर्यंत ती आदळत राहिली, प्रत्येक वेळी जरा हळू.

सकाळी परीक्षकांसमोर गोल सुरू झाला. अर्ध्यावर ती डगमगली, हात पंख्यासारखे फिरले, ताईनं डोळे मिटले. गोल बटाट्यासारखा निघाला. पण पुरा निघाला, आणि दुसरा पाय टेकला नाही. "आकार सुधारावा," असं म्हणत परीक्षकांनी पास केलं.

"बघ," मामा ताईला म्हणाले, "पायात दोष नव्हताच पोरीच्या. मी सुरुवातीपासून..."

ताईनं कठड्यावर बोट आपटलं. टक्. मामांनी वाक्य तिथंच ठेवलं.

बूट माळ्यावर गेले नाहीत. जिन्याखाली मात्र अख्ख्या वर्गाची रांग लागली, प्रत्येकाच्या काखेत बूट. पहिल्या पोरानं बूट पुढे केला आणि अगदी मामांसारखा एक डोळा मिटला.

"मामा, आधी पट्टी दाखवा."