दाजींची तपकिरी चरबी

कपाटातून स्वेटर काढला, डांबरगोळ्यांचा वास आला आणि किनवटला ताईच्या घरची ती कडाक्याच्या थंडीतली सकाळ आठवली. दाजी आदल्याच आठवड्यात कुठल्याशा संशोधनासाठी नांदेडला एमआरआय करून आले होते. आधी गार पाण्याचं जाकीट घालून बसवलं, मग मशिनीत घातलं, तर मानेपाशी तपकिरी चरबी दिसली. ही चरबी म्हणे स्वतः जळते आणि अंगाला ऊब देते. झालं! निवडणूक जिंकल्यासारखे ते नुसत्या बनियनवर घरभर मिरवत होते. खिडक्या सताड उघड्या, वर पंखा चालू, आणि ताई शालीत गुरफटून खोकत बसलेली. "मला थंडी वाजतच न्हाई, अंगात भट्टी हाय माझ्या," असं मला ऐकवत त्यांनी ताईला हाक मारली, "पाणी तापलं का गं? काल लई कोमट होतं." ताई खोकतच परसात गेली आणि बंबात लाकडं सारू लागली. मी मागोमाग जाऊन विचारलं, "एवढी भट्टी हाय, तर पाणी कशाला तापवायचं?" धुरानं झोंबणारे डोळे पुसत ती म्हणाली, "त्यांची भट्टी नुसती बोलायची हाय रे. पेटवावी मलाच लागती." यंदा दाजींनी गिझर बसवला, पहाटे उठून त्याचं बटण दाबते ती ताईच.