मोहाचा वास

माझी धाकटी बहीण चारचौघांत सांगते, की ताई माझ्यापासून काही लपवत नाही. तिलाही हे ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. सांगायची वेळच आली नाही असं म्हणू का? — नको, ते पुन्हा खोटं होईल. वेळ पुष्कळदा आली. दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलले. वरणात मीठ कमी पडलं, एस.टी. उशिरा आली — असलंच काहीतरी.

कुठून सुरू करू? हातांपासून करते. आज माझे हात पाहिलेत तर तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तेराव्या वर्षी माझ्या दोन्ही तळव्यांना घट्टे होते. बोटांची पेरं जाड झाली होती. मी लाठी फिरवायची. आणि चांगली फिरवायची — हे सांगताना अजून थोडी छाती फुगते, काय करणार!

आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडं, जंगलाला लागून. बाबा वनखात्यात नाकेदार. लाकडाच्या गाड्या नाक्यावर अडवायच्या, परवाने तपासायचे. आमच्या माणसांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा बाबा ऐन तरुण होते. पुढं गावात विहार बांधला आणि त्याच्या कमिटीचे सचिव बाबाच झाले. दर पौर्णिमेला सगळी वस्ती तिथं जमायची. वंदना व्हायची, पंचशील म्हटलं जायचं. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू न पिण्याचं. ही दोन लक्षात ठेवा, पुढं लागतील.

विहाराच्या मागच्या पटांगणात दसाराम वस्ताद लाठी शिकवायचे. सहा पोरं आणि मी. चौदा एप्रिलच्या जयंतीला मिरवणुकीपुढं लाठीचे हात करत चालायचं, त्याची तयारी. पोरीला तिथं घालायचं हे बाबांचंच डोकं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मायनं सांगितलं. तरुणपणी विहिरीवर चौघांनी मिळून त्यांना मारलं होतं आणि बाबांचे हात खालीच राहिले होते. आपल्या लेकीचे हात तसे राहू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

वस्ताद कसे होते? उंच, किडकिडीत, बोलायला कंजूष. दीक्षेआधी ते भरपूर प्यायचे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दीक्षेनंतर त्यांनी थेंबाला हात लावला नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पटांगणात त्यांचा एकच कायदा होता. दोघं समोरासमोर खेळताना लाठी अंगाला नुसती चाटून गेली, तरी ज्याला लागली त्यानंच ‘लागली’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मारणाऱ्यानं बोलायचं नाही. पाहणाऱ्यांनी तर नाहीच. सुरुवातीला आम्ही चोरी करायचो, लागली तरी खेळत राहायचो. वस्ताद रागवायचे नाहीत, नुसते थांबून राहायचे. आपल्याच तोंडून ‘लागली’ निघेपर्यंत उन्हात तसेच उभे.

मग मला ते सोडायचं का होतं? हसू नका — बांगड्यांपायी.

फाल्गुनात बांगडीवाली आली होती. ओसरीवर आळीतल्या सगळ्या पोरी गोळा झालेल्या. सगळ्यांना सव्वादोनच्या मापाची बांगडी गेली. माझा हात तिनं दाबला, चोळला, साबण लावला. तीन बांगड्या फुटल्या. शेवटी माझा पंजा वर धरून तिनं सगळ्यांना दाखवला. ‘‘पोरीचा हात हाय का हा? का हेल्याचं खूर?’’ पोरी फिदीफिदी हसल्या. मीसुद्धा हसले. घरी येऊन मात्र तांदळाच्या कोठीमागं बसून रडले. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडं नव्हतं, आणि आजही नाही.

मी बाबांना सांगितलं, मले नाही जायाचं. ते म्हणाले, जयंती होऊ दे. मी म्हटलं, उद्यापासूनच नाही. तीन दिवस घरात हेच चाललं होतं. मी जेवण सोडलं, ते वाट पाहत बसले. मी ओरडले, ते ओरडले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं — मला भांडायला जागा मिळाली असती. चौथ्या दिवशी नाक्यावर जायला निघताना त्यांनी सायकल पुन्हा भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

‘‘काहून नाही जायाचं, ते सांग बाई. खरं कारण असन तं मी अडवणार नाही.’’

आता यांना बांगड्या कशा सांगू? ते म्हणाले असते, मोठ्या मापाच्या घेऊ. आणि ‘पोरीचा हात’ ही गोष्ट त्यांच्याजवळ उच्चारायला जीभ रेटत नव्हती. मला मोठं कारण हवं होतं. बाबांना उलट बोलता येणार नाही असं. ते मला सापडलं. शोधावंही लागलं नाही.

‘‘वस्ताद पिऊन येतेत. वास येते.’’

वास यायचा, हे खरं होतं. मोहाचे दिवस होते. वस्ताद पहाटेच जंगलात जायचे, झाडाखाली पडलेली मोहफुलं टोपलीत वेचायचे आणि तसेच पटांगणात यायचे. त्यांच्या धोतराला, डोक्याच्या फडक्याला तो गोड, आंबूस वास चिकटलेला असायचा. तो तर आमच्याही लुगड्यांना, परकरांना असायचा. मायबरोबर मीही वेचायला जात होते. दारू याच फुलांची गाळतात, पण फुलांचा वास कुठला आणि दारूचा कुठला, हे आमच्याकडं रांगतं पोरही सांगेल.

बाबांनाही ते कळत होतं. म्हणून त्यांनी विचारलं. हळूच विचारलं, मला वाट करून दिल्यासारखं.

‘‘फुलाचा वास असन. धोतराले लागला असन.’’

इथं थांबता आलं असतं. ‘असन’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता, आणि सगळं तिथंच संपलं असतं. बाबा हसले असते, वरून मला रागावलेही असते.

मी म्हटलं, ‘‘नाही. तोंडाचा.’’

हाच माझा गुन्हा. बाकी सगळं पोरपण म्हणून पदरात घेता येईल, पण हे दोन शब्द मी विचार करून बोलले. माझ्या पोरीनं आजवर खोटं सांगितलं नाही, असं बाबा मायला म्हणाले. मग सायकल घेऊन नाक्यावर गेले.

मला वाटलं होतं, माझी शिकवणी सुटेल आणि गोष्ट घरातच राहील. पण बाबा सचिव होते. कुजबुज त्यांना आवडायची नाही, जे असेल ते माणसाच्या तोंडावर. पुढच्या पौर्णिमेला वंदना आटोपली आणि ते उठून उभे राहिले. सगळी वस्ती बसलेली. बायकांच्या बाजूला मायच्या मागं मी. वस्ताद पुढं, भिंतीशी, लाठी मांडीवर आडवी ठेवून.

बाबांनी विचारलं, तुम्ही पोरांपुढं पिऊन येता हे खरं आहे का? वस्तादांनी विचारलं, कोण म्हणते? बाबांनी माझं नाव घेतलं.

वस्ताद वळले. त्यांनी मला शोधलं, बायकांमधून बरोबर शोधलं, आणि पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर आज हे लिहायला बसले नसते. ते थांबून राहिले होते. पटांगणात राहायचे ना, अगदी तसे. किती वेळ? मला तो फार मोठा वाटला. मी मायच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

मग त्यांनी लाठी खाली फरशीवर ठेवली.

‘‘पोरगी म्हणते ना? मंग लागली.’’

लोकांनी तो होकार समजला. बाबांनीही. काय झालं ते पटांगणातल्या सहा पोरांना कळलं असावं, कारण ती सहाही जणं माझ्याकडं पाहत होती. पण पाहणाऱ्यानं बोलायचं नाही हे त्यांना वस्तादांनीच शिकवलं होतं. माझा खोटेपणा भर विहारात उघडा पाडायला वस्तादांना एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी ते वाक्य स्वतःकडं ठेवलं, आणि मी त्यांना ठेवू दिलं.

त्या जयंतीला मिरवणुकीपुढं लाठी नव्हती. वस्ताद विहारात येत राहिले, पण आत बसायचे नाहीत. पायरीवर बसून वंदना म्हणायचे आणि उठून जायचे. त्यांच्याकडं शिकायला पुन्हा कोणी पोरं पाठवली नाहीत. पावसाळा संपेपर्यंत माझे घट्टे गेले. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिथं मायनं मला हिरव्या बांगड्या भरल्या. सव्वादोनच्या. एकही फुटली नाही.

लग्न होऊन मी पवनीकडं आसगावला आले. तिथं बाबांचं पत्र आलं — दसाराम वस्ताद वारले. खाली बाबांच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, त्या दिवसानंतर शेवटपर्यंत त्यांनी दारू शिवली नाही, तुझ्या खरं बोलण्यानं एक माणूस सुधारला. पत्र घेऊन मी भातखाचराच्या बांधावर बराच वेळ उभी होते. त्यानंतर माहेरी गेले, चार दिवस राहिले. बाबा रोज अंगणात खाटेवर बसलेले असायचे. मी चहा नेऊन द्यायची. चार दिवसांत चहा किती वेळा झाला असेल? एकदाही ती गोष्ट काढली नाही.

भीती कशाची होती? मार तर ते लहानपणीसुद्धा देत नव्हते. ते पुन्हा माझ्यासमोर उकिडवे बसतील आणि काहून म्हणून विचारतील, त्याची. आणि मला सांगावं लागेल — बांगड्यांपायी.

पुढं बाबाही गेले. विहारात शोकसभा झाली. कमिटीच्या नव्या सचिवांनी बाबांच्या करारीपणाची गोष्ट सांगितली. ती हीच. भर सभेत वस्तादाला विचारायची हिंमत कुणात होती, म्हणाले, आणि घरात संस्कारही तसेच, खरं सांगणारी लेक आज इथं आपल्यात बसलेली आहे.

सगळे माझ्याकडं वळले. दारातून ती पायरी दिसत होती.

मी मान डोलावली. मग आम्ही सगळे उभे राहिलो आणि पंचशील म्हटलं. चौथ्या शीलालासुद्धा माझा आवाज अडखळला नाही.