लाल ठिपका

माझे बाबा, म्हणजे मुकुल, ताकही फुंकून पितात. दुधाने तोंड कधी पोळलेलं नसताना! वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ते इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे, माप चुकलं की लाल रंगाचा ठिपका द्यायचा. भाग रिजेक्ट. आई म्हणते, अंतरपाट दूर झाला तेव्हाही हे मला मापातच बघत होते.

यंदा तिच्या शिलाई मशीनमधल्या एका लोखंडी ठोकळ्याची खाच झिजली आणि टाके सुटायला लागले. मशीन इतकं जुनं की तो भाग कुठेच मिळेना आणि आई ते भंगारात देऊ देईना.

"मी करतो," बाबा म्हणाले. जन्मात एक भाग स्वतः केलेला नव्हता! त्यांच्याच कारखान्यातल्या जुन्या कारागिराने, शिवरामकाकांनी, त्यांना आपलं लोखंडात खाचा कापायचं छोटं मिलिंग मशीन दिलं. "माप काढताना मला बोलवा," एवढंच ते म्हणाले.

मशीन वर्तकनगरच्या आमच्या बाल्कनीत आलं आणि बाबांचा जीव खाली-वर व्हायला लागला. "ह्याचे इतके भाग मी रिजेक्ट केले, आणि हा मला मशीन देतो? काहीतरी काळंबेरं आहे." काकांना बोलावलं नाहीच.

चार ठोकळे वाया गेले. पाचव्याची खाच हुबेहूब जुन्यासारखी, केसाचाही फरक नाही. बसवला. टाके सुटतच राहिले.

"बघ देवयानी," बाबा मला म्हणाले, "खोटं मशीन दिलं. सूड उगवला त्याने!"

मला इतका राग आला की मीच काकांना फोन केला. ते आले आणि त्यांनी जुना-नवा दोन्ही ठोकळे हातात घेतले.

"साहेब, जुनी खाच झिजून रुंद झालेली. तुम्ही तीच मापून नवीन केलीत."

बाबा म्हणाले, "मशीन का दिलंस मला?"

"दोन हजार चारला माझा अख्खा लॉट तुम्ही लाल केलेलात. मी ओरडून सांगत होतो, खाचेत गेली की भाग बाद, ती तुमची तपासायची पट्टीच झिजून पातळ झालीये, म्हणून खाचेत जातेय. तुम्ही ऐकलं नाहीत. मला कामावरून काढलेलं. वाटलं, एकदा स्वतः करून बघावं तुम्ही."

मला बाबांची लाज वाटली, आणि दयाही आली. त्यांनी कपाटातून लाल रंगाची बाटली काढली आणि आपल्याच ठोकळ्यावर ठिपका दिला.

मग कोरा ठोकळा घेऊन ते म्हणाले, "शिवराम, माप तू सांग."

काकांनी आकडा सांगितला. बाबांनी तो न पडताळता लिहून घेतला.