हॉलमधलं गोल्फचं मैदान

"अहो, देवावर चेंडू मारलात तर याद राखा!" शेजारच्या वहिनी ओरडल्या आणि त्यांच्या नवऱ्याची, साहेबांची, गोल्फची काठी हवेतच थांबली.

रोह्याच्या आमच्या कॉलनीत साहेबांचं एकच पालुपद, "सिस्टीम पाहिजे, सिस्टीम!" रविवारी मुंबईच्या बड्या साहेबांबरोबर खेळायचं होतं आणि बढती त्यावर अडलेली. अंगणात फटका मारला की चेंडू थेट तीन स्टेशनं पलीकडे, कासूला उतरायचा. म्हणून परदेशी मासिकात बघून त्यांनी हॉलमध्येच सरावाचा सिम्युलेटर उभारला. खाली काथ्याची चटई, समोर गणपतींसाठी प्रसिद्ध जोहे गावच्या मूर्तिकाराने रंगवलेला मैदानाचा पडदा, त्यामागे कोळ्यांचं जाळं. गणपतीशिवाय ब्रश टेकवायचा नाही, ही मूर्तिकाराची रीत. त्याने मधोमध, झेंड्यापाशीच, गणपती रंगवून बसवला होता.

"आता सराव कसा करू?" साहेब कळवळले.

कोपऱ्यात ब्रश धूत मूर्तिकार म्हणाला, "विसर्जन करा, मंग मारा."